जुन्या पेनीएवढा डाग

रेग डँक्सला खुर्चीत निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल हात वर करावा. अख्ख्या ओल्डबरी गावात असा माणूस मिळायचा नाही. चर्चमध्ये हा मागच्या दाराशी उभा, पबमध्ये काउंटरला कोपर टेकून उभा. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत सगळी मंडळी छान मांडी सावरून बसलीत आणि हा पठ्ठ्या बायकोच्या खुर्चीमागे उभा, तोही हललेला. त्याची बायको ऑलिव्ह म्हणायची, "मी नवरा नाही केला बाई, दाराची बिजागरी केली."

दोष त्याचाही नव्हता म्हणा. पोरवयात पार्गेटर मोटरसायकलच्या कारखान्यात लागला आणि ऐन तारुण्यात त्याला जे काम मिळालं ते केस पिकेपर्यंत सुटलं नाही. तयार झालेली प्रत्येक गाडी रस्त्यावर पळवून आणायची. फाटकातून बाहेर, हॅगलीच्या रस्त्यानं क्लेंटच्या टेकडीपर्यंत, तिथल्या टपरीवर उभ्याउभ्या एक चहा, की परत. ऊन असो, बर्फ असो. एक गाडी आणून लावायची, दुसरी काढायची. पार्गेटरचं इंजिन असं काही थरथरायचं की घरी आल्यावरही रेगच्या तळहातांत मुंग्या असायच्या. ऑलिव्ह त्याला चहा कायम अर्धा कप द्यायची. भरून दिला तर उरलेला अर्धा बशीत, नाहीतर शर्टावर.

आता तिथे गालिच्यांचं गोदाम आहे. पार्गेटर म्हणजे काय हे तिथल्या पोरांना विचाराल तर खांदे उडवतील. पण एक काळ असा होता, की सकाळी पार्गेटरचा भोंगा झाला की निम्मं गाव उठायचं. थोरला पार्गेटर मुळात लोखंडी पलंग करायचा. पलंगाच्या नळ्या वाकवता वाकवता त्यानं सायकली केल्या, सायकलीला इंजिन बसवलं, आणि नशीब उघडलं. दोन महायुद्धांत निरोपे घेऊन धावणारे शिपाई त्याच्या गाड्यांवर बसले. दुसऱ्या युद्धानंतर तर जहाजं भरभरून गाड्या अमेरिकेला जायला लागल्या. पैसा आला तशी नातवांना शर्यतीच्या घोड्यांची हौस सुटली. घोडे नवे आले, कारखान्यातली यंत्रं आजोबांच्या हातची ती तशीच राहिली. मग जपानी गाड्या बंदरावर उतरल्या. नातू हसले. हसू देत, ते गाढवच होते. पण खरं सांगायचं तर कारखान्यातले सगळेच हसले. "शिवणयंत्रं आहेत ती! बायकांना बाजारात जायला!" असं म्हणून रेगही पोट धरून हसला होता.

पार्गेटरची गाडी तेल गाळायची. हे काही गुपित नव्हतं. इंजिनाचं कवच म्हणजे उभी चिरून परत जोडलेली दोन अर्धुकं, आणि त्या सांध्यातून थेंब हा यायचाच. कारखान्यात त्यावर एक रीतच होती. रेग गाडी पळवून आणायचा, ती गरम असतानाच इंजिनाखाली वर्तमानपत्राचा एक ताव पसरायचा, आणि चहाची सुट्टी होईपर्यंत थांबायचं. मग कागदावरच्या डागावर पेनीचं नाणं ठेवायचं. डाग पेनीखाली झाकला गेला, गाडी पास. रेग टायरवर खडूनं बरोबरची खूण करायचा. डाग बाहेर डोकावला तर फुली, आणि गाडी परत जुळणीवाल्यांकडे. फुली आली की जुळणीवाल्यांच्या शिव्या रेगला. देशातली नाणी बदलली आणि नवी पेनी बटणाएवढी झाली, तेव्हा काय गोंधळ उडाला होता! जुळणी विभागानं सभा भरवून ठराव केला, पेनी जुनीच. कारण जुनी पेनी चांगली ऐसपैस होती. तेव्हापासून रेगच्या कोटाच्या खिशात एक जुनी पेनी कायमची मुक्कामाला आली.

रेगचा खडू मात्र चोख होता. ओळखीची गाडी असो, घाईची असो, वरच्या साहेबाच्या भाच्याची असो, खडू कुणासाठी वाकला नाही. "रेगनं पाहिलंय" म्हटलं की पुढे कुणी विचारायचं नाही.

नातवांनी अखेर कारखाना बंद करायचं ठरवलं त्या हिवाळ्यात कामगारांनी फाटकाला आतून साखळी घातली. आतला एक नटही बाहेर जाणार नाही, म्हणाले. पुढारी होता क्लॅरी फेलोज, जुळणी विभागाचा मुख्य आणि ऑलिव्हचा सख्खा भाऊ. दांडगा गडी, आवाज भोंग्यासारखा. फाटकाशी भोकं पाडलेल्या पिंपात कोळसा पेटवून माणसं पाळीपाळीनं बसायची, पत्ते कुटायची, पावाला चरबी लावून खायची.

आणि रेगचे हाल सुरू झाले. गाड्या बाहेर जाणार नाहीत म्हणजे रेगही जाणार नाही. पहिले काही आठवडे त्यानं पहारा केला, तोही चालत. फाटकापासून रंगखात्यापर्यंत, रंगखात्यापासून फाटकापर्यंत. पत्ते खेळणारे वैतागले. "अरे बस की मेल्या! तुझ्याकडे बघून माझं डोकं गरगरतंय," चाकं बांधणारी नेली ओरडायची. तो बसायचा, गुडघा हलवायचा, उठायचा. घरी गेला की परसातली कोळशाची कोठी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लावायचा. झोपेत उजवी मूठ वळायची, ऑलिव्हची रजाई ओढली जायची. "रात्री कुठे गेला होतास?" ती विचारायची. "क्लेंटला," तो म्हणायचा, आणि दोघं हसायची. पण त्याला आतून काहीतरी पोखरत होतं, हे तिला कळत होतं.

वसंत आला तसा क्लॅरीनं बेत मांडला. सगळ्यांनी नोकरी गेल्याबद्दल मिळणारी आपापली नुकसानभरपाई एकत्र करायची आणि कारखाना आपणच चालवायचा. मालक आपण, मजूर आपण. शुक्रवारी सकाळी कँटीनमध्ये मत घ्यायचं. माणसं हो-ना करत होती, आणि का नाही करणार? आयुष्यभराची पुंजी होती ती. कुणाचं घर त्यात होतं, कुणाच्या पोरीचं लग्न.

"त्यांना एकच विचारायचंय," क्लॅरी रेगला म्हणाला. "आपली गाडी त्या शिवणयंत्रांपुढे टिकेल का? माझ्यावर नाही विश्वास ठेवणार ते, मी पुढारी पडलो. तुझ्यावर ठेवतील. तू एक जपानी गाडी पळवून ये, आणि शुक्रवारी उठून सांग."

"काय सांगू?"

"काय म्हणजे? जे आहे ते सांग! आपलीच चांगली, हे का आता शिकवायचं तुला?"

गाडी मिळणं कठीण नव्हतं. डडलीच्या रस्त्यावर लायनेल पर्किसचं दुकान होतं. एकेकाळी त्याच्या काचेत पार्गेटरशिवाय काही दिसायचं नाही, आता तिथे जपानी गाड्यांची रांग होती. लायनेलनं रेगला पाहताच हात पसरले. "ये ये! शत्रूच्या गोटात स्वागत आहे. घेऊन जा, क्लेंटला जा, कुठेही जा. आणि परत आलास की माझ्याकडे नोकरीचा विचार कर. गिऱ्हाइकांना गाड्या दाखवायला मला तुझ्यासारखा माणूस हवाय. रोज रस्त्यावर!"

रोज रस्त्यावर. रेगनं हेल्मेट चढवलं, पण तो शब्द त्याच्या डोक्यातून जाईना.

आणि मग तो निघाला. किती महिन्यांनी! हॅगलीच्या रस्त्यावर कुंपणांना पालवी फुटली होती. गाडीला किक नव्हतीच मारायची, बटण दाबलं की सुरू. त्याचं तोंड वाकडं झालं. वळणावर तिची मागची बाजू जरा सैल वाटली आणि त्याला मनापासून आनंद झाला. "हं! वळणात पार्गेटरच," तो हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणाला. पण चढावर तिनं श्वास टाकला नाही. टपरीवर चहाचा कप उचलला तर तो हातात स्थिर राहिला. रेग कपाकडे बघतच राहिला. तळहातात मुंग्या नव्हत्या. टपरीवाली म्हणाली, "आज काय झालं? चहा सांडला नाहीस तो?"

परत आल्यावर लायनेलच्या दुकानामागच्या शेडमध्ये त्यानं गाडी लावली. विचार न करता खिशातला वर्तमानपत्राचा ताव काढला, इंजिनाखाली पसरला आणि फेऱ्या मारायला लागला. चहाच्या सुट्टीएवढा वेळ झाला. वाकून पाहिलं. कोरा.

रेगला पहिली गोष्ट सुचली ती अशी, की लबाड लायनेलनं गाडीत तेलच घातलेलं नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला हेच सुचलं असतं. तेल असेल तर गळेल, गळत नाही म्हणजे तेल नाही. म्हणजे कोरड्या इंजिनावर आपण क्लेंटपर्यंत जाऊन आलो! धावत जाऊन त्यानं झाकण उघडलं. तेल खुणेपर्यंत होतं. मग वाटलं, गाडी पुरती तापली नसेल. ती पुन्हा डडलीच्या टेकडीवरून दोनदा फिरवून आणली. कागद पुन्हा पसरला, पुन्हा वाट पाहिली. कोरा. सांध्यावरून बोट फिरवलं, बोट कोरडं. मग तो चक्क जमिनीवर उताणा पडला आणि खालून बघत राहिला.

लायनेल दारात येऊन उभा राहिला. "काय रे, अंडं घालायची वाट बघतोयस का?"

"तू सांधे मुद्दाम आवळून घेतलेस. माझ्यासाठी."

"रेग," लायनेलचा आवाज उतरला, "खोक्यातून काढली, चाकं लावली, तुला दिली. सगळ्या अशाच येतात."

दुपार उतरली तरी रेग तिथेच होता. शेवटी त्यानं तो कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. घरी जाताना त्याला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग येत होता. कुणावर, ते त्याचं त्यालाच कळेना.

गुरुवारी संध्याकाळी क्लॅरी जेवायला आला. ऑलिव्हनं फॅगट, म्हणजे कलेजीच्या खिम्याचे गोळे, आणि वाटाणे केले होते, क्लॅरीचे आवडते. त्यानं खाता खाता उद्याचं भाषण म्हणून दाखवलं. "आणि मग मी म्हणतो, रेग, उठ! आणि तू म्हणतोस—"

रेग उठला, पण कोळसा बघायला. परत आला, खिडकी लावली, उघडली.

"हा असा काय करतोय?" क्लॅरीनं बहिणीला विचारलं.

"असा कधी नव्हता?" ऑलिव्ह म्हणाली. पण भाऊ गेल्यावर तिनं नवऱ्याच्या कोटाच्या खिशातून घडी काढून टेबलावर ठेवली. "हे मी सकाळीच पाहिलं. डाग कुठेय?"

"नाही."

तिचा बाप पार्गेटरमध्ये होता, भाऊ होता, नवरा होता. कोऱ्या कागदाचा अर्थ तिला समजावून सांगायला नको होता.

"उद्या गप्प बसलो तर?" रेग म्हणाला. "नुसतं म्हटलं, वळणात आपली चांगली आहे. ते खोटं नाही."

"आणि त्यांनी त्यावर घरदार लावलं तर?"

"आणि खरं सांगितलं आणि कारखाना बुडाला तर? तुझा भाऊ माझं तोंड बघणार नाही, ऑलिव्ह."

"ते मी बघते. त्याला मी लहानपणी धुतलाय," ती म्हणाली. "पण तू खोटी खूण केलीस तर मला रे काय तोंड दाखवशील?"

शुक्रवारी कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. क्लॅरी टेबलावर चढून गरजला. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, "माझं सोडा. रेगनं पाहिलंय. रेग, सांग यांना!"

रेग पुढे आला. वळणाचं सांगितलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यावर थांबता आलं असतं. दारापर्यंतची वाट मोकळी होती आणि त्याचे पाय तिकडे ओढ घेत होते. त्यानं खिशातून कागद काढला, घडी उलगडली, दोन्ही हातांनी वर धरला.

माणसं हसली. "अरे, गाडीखाली ठेवायला विसरलास!" नेली ओरडली.

"अख्खी दुपार ठेवला होता," रेग म्हणाला. "तेल खुणेपर्यंत होतं. गाडी तीनदा तापवली. एक थेंब नाही."

हसणं विझलं. मग एकच गलका उठला. कुणी म्हणालं लायनेलनं याला विकत घेतलाय, कुणी म्हणालं फितूर, कुणीतरी पावाचा तुकडा फेकून मारला. रेग हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी खिळून उभा होता.

क्लॅरी टेबलावरून उतरला. कागद हिसकावून उजेडाला धरला, उलटा केला, वास घेतला. मान लाल झाली होती. "इंजिन चिरलंय कसं त्यांनी?" एवढंच विचारलं.

"आडवं. सांधा तेलाच्या वर आहे."

"आडवं," क्लॅरी स्वतःशीच म्हणाला. मग एकदम फिरला आणि भोंग्याच्या आवाजात ओरडला, "मत आज नाही! आधी एक गाडी बांधू. उभाच सांधा, आपलाच. इतकी वर्षं मालकांचा तो घड्याळवाला वेळ मोजत डोक्यावर उभा राहायचा, नगावर मजुरी, सांधा नीट घासायला सवड कुणी दिली आपल्याला? आता घड्याळवाला गेला तेल लावत. बांधू, आणि मग बघू कुणाचा कागद कोरा ते!"

पुढचे काही आठवडे क्लॅरी मेव्हण्याशी बोलला नाही. दोघं एकाच खोलीत असले तरी, "ऑलिव्ह, तुझ्या नवऱ्याला सांग मीठ दे म्हणावं." इकडे कारखान्यात मात्र त्यानं जीव ओतला. कवचाची अर्धुकं जाड काचेवर घासायची पूड लावून आठ आठ तास हातानं फिरवली. आरशासारखा पृष्ठभाग झाला तरी म्हणे अजून. इतर जुळणीवाले आधी बघे होते, मग बाह्या सारून बसले. नेलीनं चाकं तीनदा उकलून बांधली. रेगला कुणी जवळ येऊ देत नव्हतं. तो फाटक ते रंगखातं, रंगखातं ते फाटक.

गाडी झाली त्या दिवशी फाटकाची साखळी पहिल्यांदा निघाली. रेगनं किक मारली, आणि तो ओळखीचा धडधडाट भिंतींवरून परत आला तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. तो क्लेंटला गेला, टपरीवर चहा सांडला, परत आला. हातात मुंग्या घेऊन. जुळणी विभागात सगळा कारखाना गोल करून उभा होता. त्यानं गाडी लावली, ताव पसरला. क्लॅरी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

चहाच्या सुट्टीएवढा वेळ गेला. रेग वाकला.

डाग होता. वाटाण्याएवढा.

"वाटाणा!" नेली किंचाळली. "अरे, नुसता वाटाणा!" आणि आरोळ्या उठल्या, टोप्या उडाल्या. पार्गेटरच्या जन्मात एवढा लहान डाग कुणी पाहिला नव्हता. क्लॅरी वळला. दांडगा माणूस, डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांनी तो थेट बोलला, "ठेव पेनी, रेग. ठेव, बघू दे सगळ्यांना."

रेगनं पेनी काढली आणि ठेवली. डाग तिच्याखाली कुठल्या कुठे गेला. टाळ्या थांबेनात. आता फक्त खडू टेकवायचा होता, आणि मग मतासाठी सगळे हात वर होणार होते.

रेग गुडघ्यावर बसून त्या पेनीकडे बघत राहिला. मग त्यानं ती उचलली, क्लॅरीचा तेलकट पंजा ओढून त्याच्या तळव्यावर ठेवली. "ही आता तुझ्याकडेच ठेव," म्हणाला. "दुकानात कुणी घेत नाही."

आणि टायरवर फुली मारली.

टाळ्या एकेक करत बंद पडल्या. क्लॅरी फुलीकडे बघत होता, पेनीकडे बघत होता. आता हा मारतो, असं सगळ्यांना वाटलं. रेगलाही वाटलं, पण तो उठला नाही.

क्लॅरीनं पेनी खिशात टाकली. कोट काढून खिळ्याला अडकवला, बाह्या वर सारल्या आणि पाना उचलला.

"मेल्या," तो म्हणाला, "उद्या येताना ताजा पेपर आण."